शाकारणी थांबली तेव्हापासून

पेण-रोहा पट्ट्यात घरांच्या वायरिंगचं काम करणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते. ज्या घराची भिंत कलली आहे, वासा खचला आहे, तिथे माणसं आपसूक जपून वावरतात; लहान मुलाला त्या कोपऱ्यात जाऊ देत नाहीत, पावसात त्या खोलीत झोपत नाहीत. जिवावर बेतणारा दोष बहुधा नव्या धाटणीच्या, रंग दिलेल्या, फरशी बसवलेल्या घरात निघतो, कारण वीस-वीस वर्षं त्या घराकडे कुणी त्या नजरेनं बघितलेलंच नसतं. बोर्ड उघडून, पत्र्याखाली डोकं घालून, गिझरमागची पिन ओढून पाहण्याचं हे काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. जुनं कोकणी घर सुरक्षित होतं असं मुळीच नाही, पण ते वर्षातून एकदा तरी माणसाला स्वतःकडे बघायला भाग पाडायचं. आजचं घर तशी सक्ती करत नाही. म्हणून घराची तपासणी आता कुणाच्या आठवणीवर किंवा हौसेवर न सोडता वर्षाच्या ठरलेल्या कामांमध्ये जाणीवपूर्वक बसवावी लागेल.

पूर्वी ती कशी बसलेली होती ते आधी नीट पाहिलं पाहिजे. नळीच्या कौलांचं छप्पर दर वर्षी शाकारावंच लागे. माकडं कौलं हलवत, वारा सरकवत असे, आणि मिरगाच्या आत ती बसवली नाहीत तर पहिल्याच सरीला घरात धार लागे. म्हणून वैशाखात कुणीतरी शिडी लावून वर चढे, कौलं उतरवून ठेवी, आणि मग आढं, वासे, रिपा उघड्या उन्हात दिसत. वाळवीनं पोखरलेला वासा बदलला जाई. लाकडी पट्टीवरून गेलेली वायर उंदरानं कुरतडली असेल तर तीही त्याच वेळी नजरेस पडे. खाली जमीन सारवणाऱ्या बाईचा हात आठवड्यातून एकदा घराच्या प्रत्येक वीतभर जमिनीवरून फिरे. भेग कुठे वाढली, बीळ कुठे झालं, ओल कुठून येते हे तिला कुणी विचारायची गरज नसे. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, दिवसांत लाकूडफाटा रचला जाई, मीठ-मसाला भरला जाई, खाडीकाठच्या खारेपाटात बांधबंदिस्ती होई. ही सगळी कामं कुणी ‘सुरक्षितता’ म्हणून करत नव्हतं. न केली तर पावसाळा निभणार नाही, एवढंच त्यामागचं कारण होतं. पण त्या निमित्तानं अख्खं घर एकदा डोळ्यांखालून जायचं.

स्लॅबचं घर असं काही मागत नाही. नवी वीजजोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो; बहुतेक घरांच्या आयुष्यातली ती पहिली आणि शेवटची तपासणी असते. त्यानंतर वायर भिंतीत गाडलेली राहते आणि घर मात्र बदलत जातं. चार दिवे, दोन पंखे आणि एक टीव्ही धरून ओढलेल्या वायरवर फ्रीज येतो, मग वॉशिंग मशीन, मिक्सर, पंप, इन्व्हर्टर आणि शेवटी एसी. प्रत्येक वस्तू बसवणारा आपला एक जोड मारून, टेप गुंडाळून निघून जातो. सगळ्या जोडांचा मिळून हिशेब कुणी करत नाही. भिंतींचंही तेच आहे. खाडीकडच्या गावांत खाऱ्या हवेनं स्लॅबमधली सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलते. याची पहिली खूण म्हणजे छतावर सळईच्या रेषेत सरळ उमटलेला तांबूस डाग किंवा बारीक चीर. पण गणपतीआधी घराला रंग द्यायची आपली रीत आहे, आणि त्या रंगाखाली नेमकी हीच खूण झाकली जाते. रंगाऱ्यानं पोपडे खरवडून लांबी भरली की मालकाला वाटतं घर नीट झालं. डाग पुढच्या श्रावणात पुन्हा त्याच जागी उमटतो, आणि त्याच्यावर पुन्हा एक हात फिरतो.

एकच जागा जवळून पाहू, म्हणजे न बघण्याची किंमत कळेल. पडवीला पत्रा आहे. खांबावरून आलेली सर्व्हिस वायर त्या पत्र्याच्या कडेला टेकून घरात शिरते. उन्हानं तिचं आवरण कडक झालेलं असतं. वारा सुटला की वायर हलते आणि पत्र्याच्या धारेवर घासते. वर्ष-दोन वर्षांत आवरण कापून तांबं किंवा ॲल्युमिनियम पत्र्याला लागतं. पत्रा लोखंडी अँगलवर बसलेला, आणि त्याच अँगलला कपडे वाळत घालायची तार बांधलेली. उन्हाळ्यात काहीच होत नाही, कारण पडवीचे खांब कोरडे, जमीन कोरडी, पाय कोरडे. पाऊस लागला की चित्र पालटतं. ओल्या अंगणात अनवाणी उभी असलेली बाई ओला कपडा तारेवर टाकते आणि वीज तिच्या अंगातून जमिनीत उतरते. तिला सोडवायला धावलेलाही तिला हात लावतो, म्हणून अशा अपघातात एकाच घरातली दोन-दोन माणसं जातात. हे होण्याआधी बऱ्याचदा सूचना मिळालेली असते: नळाला, पत्र्याला, फ्रीजच्या दांडीला हात लागल्यावर झिणझिण्या येतात. आपल्याकडे त्यावर ठरलेलं उत्तर आहे, ‘पावसात जरा करंट येतोच.’ घराच्या सुरक्षिततेला याहून घातक वाक्य माझ्या तरी ऐकण्यात नाही. धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येणं हा पावसाचा गुण नाही, तो दोष आहे. तो सापडेपर्यंत मेन स्विच बंद ठेवला पाहिजे.

‘आमच्याकडे एमसीबी आहे, काही झालं तर पडेल,’ हे दुसरं ठरलेलं उत्तर. यातला गैरसमज आकड्यांतच दाखवता येतो. घरातला दाब २३० व्होल्ट. ओल्या अंगाचा विरोध ढोबळमानानं हजार ओहम धरला तर माणसातून साधारण पाव अँपिअरच्या आत करंट जातो. हृदयाची लय बिघडवायला तो पुरेसा आहे. पण दिव्यांच्या सर्किटवरचा एमसीबी सहा अँपिअरचा असतो, गिझरचा सोळाचा किंवा त्याहून मोठा. पाव अँपिअर त्याच्या हिशेबी एखादा बल्ब लागल्यासारखा आहे. तो पडणार नाही, आणि त्यानं पडावं अशी त्याची रचनाही नाही. तो वायर वाचवतो. माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो, ज्याला अनेक जण अजून ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो सतत ताडून पाहतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडतो. ज्या घरांत तो आहे तिथेही त्याच्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण कुणी दाबत नाही. वर्षानुवर्षं न हललेलं यंत्र आतून चिकटून बसतं आणि हवं तेव्हा पडत नाही. महिन्यातून एकदा ते बटण दाबायचं, पुरवठा गेला की यंत्र चालू आहे. याला वायरमन लागत नाही, हत्यार लागत नाही.

अर्थिंगच्या बाबतीत आमच्या भागाची जमीनच दोन तऱ्हांची आहे, आणि ती दोन वेगळे दोष देते. पेणच्या खारेपाटात माती ओली आणि खारट; वीज तिच्यात सहज उतरते, पण पुरलेला लोखंडी पाइप किंवा पट्टी तेच मीठ खाऊन टाकतं. वर नट-बोल्ट जागच्या जागी दिसतो आणि हातभर खाली काहीच उरलेलं नसतं. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत, रोह्याकडे आणि पेणच्या पूर्वेलाही, मुरूम आणि कातळ. तिथे पाइप टिकतो, पण वैशाखात जमीन इतकी सुकते की अर्थिंग नावापुरतं राहतं. अर्थिंगचा विरोध शंभर ओहम झाला तर फ्रीजच्या पत्र्याला फेज लागूनही जेमतेम सव्वादोन अँपिअर जमिनीत जातील, सोळाचा एमसीबी स्वस्थ बसेल आणि फ्रीज ‘जिवंत’ राहील. म्हणून तिसरी पिन मोडून दोन पिनांवर वस्तू चालवणं जेवढं वाईट, तेवढंच तिसऱ्या पिनेच्या भोकामागे वायरच नसणं वाईट. हे दुसरं बाहेरून दिसत नाही.

पेणमध्ये तर घर आणि कामाची जागा बऱ्याचदा एकच असते. हमरापूर, जोहे, कळवे या गावांत गणपतीचे कारखाने माजघरापर्यंत आलेले आहेत. आषाढात काम ऐन भरात असतं आणि हवा दमट, म्हणून मूर्ती सुकवायला पंखे आणि मोठे दिवे लागतात, रंगाला कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन लागते. खाली जमीन शाडूच्या किंवा प्लास्टरच्या पाण्यानं ओली, वर ताडपत्री, मधून एका प्लगवरून दुसऱ्या प्लगवर नेलेली वायर, बाजूला थिनरचा डबा. या सगळ्याची मांडणी दर वर्षी नव्यानं होते, कारण मूर्तींची संख्या आणि आकार बदलतो. म्हणजे तपासणीची संधीही दर वर्षी नव्यानं येते. जमिनीवरचा एक्स्टेंशन बोर्ड माणसाच्या छातीइतक्या उंचीवर टांगणं, लोखंडी स्टँडच्या पंख्याला अर्थिंगची तिसरी वायर आहे का ते पाहणं, थिनर आणि दिवा यांच्यामध्ये एक भिंत ठेवणं. मांडामांडीच्या त्याच दिवशी एवढं झालं तर हंगामाचं अर्धं भय कमी होतं. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मूर्तीच्या बोटाची जाडी आणि डोळ्याची आखणी सांभाळली, त्यांना एवढी नजर परकी नाही.

गॅस आणि पाणी यांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे दोष लपत नाही, फक्त कुणी वाकून बघत नाही. शेगडीच्या नळीवर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांत ती बदलायची असते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यानं गळला तर वर न जाता ओट्याखाली, कपाटात साचतो. म्हणून सुंदर दिसणारं बंद कपाट सिलिंडरसाठी वाईट, आणि खिडकी उघडी आहे एवढ्यावर भागत नाही. वास आला तर विजेचा दिवा लावायचाही नाही आणि लागलेला बंदही करायचा नाही, रेग्युलेटर बंद करून दारं उघडायची आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करायचा. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर जो कार्बन मोनॉक्साइड सोडतो त्याला वास नाही, त्यामुळे गिझर न्हाणीघराबाहेर किंवा मोकळ्या हवेतच हवा. खारेपाटातल्या अनेक गावांत पाणी साठवल्यावाचून गत्यंतर नसतं. उघड्या पिंपात डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडायला तयार होतो, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासायचं. आणि घरात लहान मूल असेल तर झाकण डासासाठी जेवढं, तेवढंच त्या मुलासाठीही लागतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मी जुन्या घरांचं गुणगान करतो आहे, आणि त्याच घरांत माणसं विंचू-सापानं, चिमणीच्या आगीनं मरत होती. आक्षेप खरा आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून मृत्यू झपाट्यानं खाली आणले, १९८० च्या दशकात त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये आलं. ते काम रायगडात उभं राहिलं, कारण इथल्या मातीच्या भिंतींत, कौलांत, लाकडाच्या रचेत विंचू राहत होते आणि घराघरांत माणसं दगावत होती. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश फारसा दुखतही नाही, आणि सकाळपर्यंत श्वास अडकतो. शाकारणीनं हे थांबलं नव्हतं. पण यातून माझा मुद्दा मोडत नाही, उलट नेमका होतो. जुन्या घराचे धोके त्या घराच्या रीतीतून सापडत होते आणि तरी काही निसटत होते. नव्या घरात धोके बदलले, रीत मात्र बदलली नाही, ती नुसती गळून पडली. निसर्ग चक्रीवादळानंतर, ३ जून २०२० नंतर, अनेक घरांवर कौलांच्या जागी पत्रे आले. छप्पर दर वर्षी उघडायची गरज संपली, पण पत्रा विजेचा वाहक आहे हे कुणी मनावर घेतलं नाही. आणि मण्यार अजूनही येते. खाट, नीट खोचलेली मच्छरदाणी, दाराखालची बुजवलेली फट आणि भिंतीपासून दूर रचलेली लाकडं यांची गरज स्लॅबच्या घरालाही आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माणसं खरी कशानं मेली? महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली, १६ जणांचा जीव गेला. ती जेमतेम दशकभर जुनी होती. २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. या दोन वाड्यांवर मिळून दीडशेहून अधिक माणसं डोंगराखाली गेली. रोह्याजवळच्या धाटावच्या रासायनिक वसाहतीशेजारी राहणाऱ्यानं घरातला प्लग तपासून काय होणार? बिल्डरनं, नगरपालिकेनं, जिल्हा प्रशासनानं, कारखान्यानं करायचं काम गृहिणीच्या पदरात टाकणं हा अन्याय आहे, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडणार नाही. खांबात सळई किती घातली हे राहणाऱ्याला दिसणं शक्य नाही, आणि दरडप्रवण वाडीचं पुनर्वसन तिथल्या कुटुंबानं स्वतः करायचं नसतं. पण तक्रार करायलाही आधी बघावं लागतं. खांबाला उभी चीर, अचानक घट्ट होऊ लागलेलं दार, घरामागच्या उतारावर नवी भेग, तिरकं होऊ लागलेलं झाड, नितळ झऱ्याला एकाएकी आलेलं गढूळ पाणी. या खुणा तिथे राहणाऱ्यालाच सर्वांत आधी दिसतात. तारीख घालून फोटो काढून त्या ग्रामपंचायतीत किंवा तहसील कार्यालयात लेखी दिल्या, तर पुढे ‘आम्हाला कुणी कळवलं नाही’ हे उत्तर उरत नाही. कुंडलिकेच्या किंवा भोगावतीच्या पुराचं पाणी आपल्या भिंतीवर कुठवर आलं होतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असतं. मीटर आणि प्लग त्या रेषेच्या वर घेणं हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि इथे मला सोपं उत्तर नाही. बटण दाबणं, वायर पत्र्यापासून सोडवून लाकडी खुंटीवर घेणं, कपड्यांची तार काढून नायलॉनची दोरी बांधणं, नळीची तारीख वाचणं याला जवळजवळ काही पडत नाही. आरसीसीबी आणि नवं अर्थिंग याला पडतं, आणि हातावर पोट असलेल्या घराला तो खर्च जाणवतो. तरी मी त्याच घराला सांगेन की टीव्ही बदलण्याआधी हे करा. भाडेकरूंचा प्रश्न याहून अवघड आहे. धाटावच्या कारखान्यांत कामाला आलेली माणसं रोह्याच्या आसपास एकेका खोलीत चार-चार, सहा-सहा जण राहतात. एका मीटरवर अनेक खोल्या, एका प्लगवर इंडक्शन, पाणी तापवायचा रॉड आणि मोबाइलचे चार्जर. भाडेकरू भिंतीला हात लावू शकत नाही आणि मालक त्या खोलीत राहत नाही, त्यामुळे ती खोली कुणाच्याच नजरेखाली येत नाही. इथे जबाबदारी मालकाचीच आहे असं मी स्पष्ट म्हणतो. खोली भाड्यानं देणं हा धंदा आहे, आणि धंद्याच्या जागेत माणसाला शॉक बसू न देणं हा त्या धंद्याचाच खर्च आहे.

राहिला प्रश्न केव्हा करायचं याचा. वर्षातून एक दिवस पुरत नाही, कारण दोन दोष दोन विरुद्ध ऋतूंत सापडतात. अर्थिंग वैशाखात मोजावं, जमीन सगळ्यांत कोरडी असताना. तेव्हा जे चालतं ते वर्षभर चालतं. भिंतीतली विजेची गळती मात्र आषाढ-श्रावणात, वायरच्या आवरणाचा विरोध मोजणारा मेगर लावल्यावरच कळते, कारण मे महिन्यात खराब वायरही चांगली निघते. पहिली फेरी आगोटीच्या कामांबरोबर जाते. दुसरी गणपतीच्या रंगरंगोटीच्या आधी घ्यावी, म्हणजे छतावरचे डाग झाकले जाण्यापूर्वी दिसतील आणि मखराच्या रोषणाईसाठी जादा वायर कुठून न्यायची हेही त्याच दिवशी ठरेल. लग्नसराईत आणि गणपतीच्या आठवड्यात वायरमन सापडत नाही, तेव्हा दोन्ही फेऱ्यांसाठी त्याला पंधरा दिवस आधीच सांगून ठेवावं. आणि जे पाहिलं ते मीटर बोर्डाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवावं: तारीख, अर्थिंगचा विरोध किती निघाला, आरसीसीबी पडला की नाही, गॅसची नळी केव्हा बदलायची, कुठल्या खोलीच्या छताला डाग आहे आणि तो केवढा. वायरमन बदलला, घर विकलं, भाडेकरू गेला, तरी तो कागद तिथेच राहू द्यावा. पुढचा बघणारा कोऱ्या भिंतीपासून सुरुवात करणार नाही आणि डाग वितीचा हातभर झाला असेल तर त्याला ते मोजून सांगता येईल.